निवेदनातली सातवी मागणी

माझं इंग्रजी चांगलं आहे याचा मला पुष्कळ वर्षं गर्व होता. त्या गर्वापायी एका माणसाची फौजेतली नोकरी गेली आणि ही गोष्ट मी पंचवीस वर्षं कुणाला सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही. शेवटी एका लोकसभेच्या निवडणुकीत ती चारचौघांत सांगावी लागली. एवढ्या लोकांनी ऐकलीच आहे, तर आता कागदावर उतरवायला लाजण्यात अर्थ नाही.

मी फौजेत क्लार्क होतो. बंदूक हातात यायची ती वर्षातून एकदा, रेंजवर, नियम म्हणून. बाकी सगळा जन्म टाईपरायटरपुढं गेला. जवान आम्हाला बाबू म्हणायचे. कुणाची रजा, कुणाची बढती, कुणाच्या बापाचं आजारपण, सगळं आमच्या टेबलावरून पुढं जायचं. गंगापूरकडच्या एका खेड्यातला मी. आमच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर आठवड्यातून दोनदाच यायचे. अशा शाळेतून येऊन साहेब लोकांच्या इंग्रजीतल्या चुका काढायचा मान मिळवला, म्हणून जरा चढूनच गेलो होतो.

आमची पलटण तेव्हा उत्तरेत होती. कुणीतरी एका जवानाबद्दल कुरबूर केली आणि एका सकाळी त्याच्या ट्रंकेची तपासणी झाली. घडी घातलेल्या शर्टात एक पत्र सापडलं. जवान आमच्याच तालुक्यातला, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, कामाला वाघ. पत्र मराठीत होतं आणि अख्ख्या ऑफिसात मराठी वाचणारा मी एकटा. साहेबांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "शब्द न् शब्द उतरवा, बाबू."

दीड पानाचं पत्र. लिहिणारा त्याच्या गावाकडचाच, ज्वारी कापणीला आली आहे, विहिरीचा गाळ काढला, म्हैस व्याली, असलं सगळं. आणि शेवटाकडं चार ओळी. त्या ओळी मी इथं लिहिणार नाही, त्या माझ्या नाहीत. दूर असलेल्या नवऱ्याला कुठलीही बायको लिहील तशा होत्या, एवढंच सांगतो. फक्त लिहिणारा पुरुष होता.

त्या चार ओळी मी गाळल्या असत्या तर जगात कुणाला पत्ता लागला नसता. ज्वारी, म्हैस आणि विहीर इंग्रजीत करून दिली असती, साहेबांनी वाचून कागद फाडला असता आणि तो गडी आज सुभेदार म्हणून पेन्शन खात असता. पण मी डिक्शनरी काढली. एक ओळ नीट बसेना म्हणून तीन वेळा टाईप केली. खाली माझं नाव, हुद्दा, सही. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "तुमचं इंग्रजी फार उत्तम आहे." सॅल्यूट मारून बाहेर पडलो तेव्हा मला आनंद झाला होता. मला सगळ्यांत जास्त टोचतो तो हा आनंद.

पुढं चौकशी झाली. चौकशीत लिहून घ्यायला मीच बसलो होतो. मोठ्या साहेबांनी त्याला सरळ विचारलं, तू तसला आहेस का? तो काही बोलला नाही. मी लिहिलं, "उत्तर दिले नाही." कोर्ट मार्शलची शोभा नको म्हणून त्यांनी सोपा रस्ता काढला. 'सेवेची गरज उरली नाही' असं म्हणून त्याला घरी पाठवला. पेन्शनला पंधरा वर्षं लागतात, त्याची अकरा झाली होती. तो कागदही मीच टाईप केला. दुपारच्या ट्रकनं तो स्टेशनला गेला, मी खिडकीतून पाहिलं आणि बाहेर आलो नाही.

मग माझी पेन्शन झाली. फंडाच्या पैशात मी औरंगाबादेत, बीड बायपासच्या पलीकडं, तिथल्याच सातारा गावाच्या डोंगराच्या अंगाला एक प्लॉट घेतला. तेव्हा तिथं सगळी ज्वारीची रानं होती आणि मित्र म्हणायचे, जंगलात कशाला चाललास. दहा वर्षांत जंगलाच्या जागी चारमजली इमारती उभ्या राहिल्या. रस्ता, गटार, नळ यांतलं काहीच आलं नाही. माणसं मात्र आली. शहराचं नाव पुढं बदललं, नळाला पाणी त्यानंही आलं नाही. बोअर होते ते आटले आणि कॉलनीचं सगळं पाणी टँकरवर आलं.

आमच्या कॉलनीत फौजेतून आलेले आम्ही नऊजण. नऊ फौजी एका जागी जमले की मंडळ काढतात, तसं आम्हीही काढलं. अध्यक्ष एक निवृत्त सुभेदार मेजर, आवाज असा की माईकची गरज नाही. लिहिण्याचं काम अर्थातच माझ्याकडं. प्रत्येक निवडणुकीत, मग ती महापालिकेची असो की दिल्लीची, आम्ही सगळ्या उमेदवारांना एकच निवेदन द्यायचो. सहा मागण्या, नऊ सह्या. खासदाराकडं पाणी मागायचं आणि नगरसेवकाकडं पेन्शन, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. मंडळाचा नियम असा की नऊपैकी एकाची जरी सही कमी असली तरी ती मागणी निवेदनात जाणार नाही. हा नियम मीच लिहिला होता आणि स्वतःच्या हुशारीवर तेव्हा खूश झालो होतो.

ज्या निवडणुकीची ही गोष्ट, तिच्या आदल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की पुरुषाचं पुरुषावर प्रेम असणं हा गुन्हा नाही. मी पेपर दोनदा वाचला. घडी करून उशीखाली ठेवला आणि पुन्हा काढून वाचला. मग कळलं की फौजेचा कायदा वेगळा आहे, तिथं जुनंच चालू राहणार. माझ्या डोक्यात तो गडी येऊन बसला तो हलेना. त्याच साली पाऊस दगा देऊन गेला. दिवाळीलाच विहिरी तळाला गेल्या आणि टँकर आठ दिवसांआड यायला लागला.

आणि एका सकाळी टँकरच्या दारातून तोच उतरला.

केस पांढरे, अंग तेच. मी ओळखलं आणि सरळ घरात शिरून न्हाणीत जाऊन कडी लावली. दुसऱ्या खेपेला तेच केलं, तिसऱ्या खेपेलाही. बायको ड्रम भरून आत आली आणि म्हणाली, "अहो, टँकरचा हॉर्न वाजला की तुमचंच पोट कसं बिघडतं?"

चौथ्या खेपेला मी बाहेर उभा राहिलो. फौजेत इतकी वर्षं काढून न्हाणीत लपणारा माणूस म्हणून मरायचं नव्हतं. तो पाईप घेऊन आला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "राम राम बाबूसाहेब. वळखलं का?"

"ओळखलं."

"मी तर पयल्याच दिवशी वळखलं. म्हनलं, येतील भायेर."

त्यानं पाईप आमच्या ड्रमात सोडला. मी मूर्खासारखं विचारलं, कसं चाललंय. चांगलं चाललंय म्हणाला. लग्न केलं नाही. आई होती तोवर तिच्याबरोबर राहिला, आता भाच्याकडं असतो. गावात सांगितलं होतं की कमरेत चमक भरली म्हणून फौजेनं घरी पाठवलं. "आन् आता रोज ह्यो पाईप वढतो," तो म्हणाला, "तरी गावाला अजून कमरेचंच खरं वाटतं. लोकान्ला काय, सांगितलं ते मानतात."

मग ड्रम भरता भरता, पाण्याकडं बघत म्हणाला, "तुमची इंग्रजी लई झ्याक व्हती म्हने. सायेबच म्हनले मला, तुज्या गाववाल्यानं काय सुंदर उतरवलंय."

त्याला सगळं माहीत होतं. पंचवीस वर्षं मी मनात धरून होतो की त्याला ठाऊक नसेल. माझी सही त्याच्यापुढं ठेवून, वाचून दाखवून मगच त्याला घालवलं होतं, हे मला आठवायलाच नको होतं. तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो पाण्याचा अंदाज घ्यावा तसा बोलला आणि पुढच्या घराकडं गेला.

त्या दिवशी मी ठरवलं. दोन महिन्यांवर लोकसभा आली होती. फौजेचा कायदा दिल्लीत बदलतो, महापालिकेत नाही, तेव्हा मागायचं तर ह्याच निवडणुकीत. मी कागद घेतला आणि सहा मागण्यांखाली सातवी लिहिली: "केवळ पुरुषावर प्रेम आहे या कारणावरून कोणत्याही जवानास सेवेतून कमी करू नये व पूर्वी ज्यांना असे कमी केले त्यांच्या प्रकरणांचा फेरविचार होऊन त्यांस पेन्शन व माजी सैनिकाचा दर्जा मिळावा." कार्यालयीन भाषेत माझा हात बसलेला आहे. ह्या वेळी तो नीट कामाला लावायचा होता.

बैठक देवळामागच्या सभामंडपात झाली. वाचून संपलं तसा अध्यक्षांनी चष्मा काढला.

"ही काय भानगड आहे?" ते म्हणाले. "पाणी मागायचं सोडून हे कसलं खूळ?"

"पाणीही मागू. हेही मागू."

"बराकीत चाळीस माणसं एका छताखाली झोपतात. उद्या कुणी म्हटलं, मला ह्याच्या शेजारी झोपायचं नाही, तर काय कराल?"

"तुमच्या कंपनीत एकजण म्हणाला होता, मला खालच्या जातीच्या शेजारची खाट नको. तुम्हीच सांगितलं होतं आम्हाला. त्याचं काय केलं होतं तुम्ही?"

"पाठीवर ओझ्याचा पिट्टू देऊन ग्राउंडला पळवला होता."

"मग ह्यालाही पळवा. म्हणणाऱ्याला."

दोघं-तिघं हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ होतं असं मी म्हणणार नाही. शिस्त मोडते, गावाकडची पोरं बुजतात, शत्रू ह्याचा फायदा घेऊन फितवतो, असं ते म्हणत होते आणि मनापासून म्हणत होते. मी म्हटलं, फितवता येतो तो भीतीमुळं. लपवायला लावलंत तर भीती, नाही लावलंत तर फितवणार कशावर? ते म्हणाले, वादात तुम्ही ऐकणार नाही.

आमच्यात खुलताबादचे एक निवृत्त नायक आहेत, अध्यक्षांच्याच कंपनीतले, बोलायला कमी, उठायला पहिले. ते मधेच म्हणाले, "सुभेदार साब, कायकू झगडते? अपनी कंपनी में भी थे ना. सबकू मालूम था, आपकू भी. बर्फ में जिसने मेरेकू पीठ पर डाल के नीचे लाया, उसका क्या था, क्या नहीं, मैंने पूछा नहीं. मैं सही करता." आणि खिशातलं पेन काढून त्यांनी खरंच सही केली.

मग एकेक करून माझ्यासकट आठ सह्या झाल्या. काहींनी पटून केल्या, काहींनी चहा गार होत होता म्हणून केल्या, मला सगळ्या सारख्याच. राहिले अध्यक्ष. ते म्हणाले, "बाबू, तुमचं तरी एवढं का अडलंय ह्यात?"

तिथं मी सगळं सांगितलं. पत्र, डिक्शनरी, तीन वेळा टाईप केलेली ओळ आणि तो माणूस आठ दिवसांआड तुमच्या आमच्या दारात पाणी ओततो हेही. हे शेवटचं सांगायला नको होतं, पण बोलायला लागलं की माझा ब्रेक लागत नाही.

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा चढवला. "त्याला बोलवा," ते म्हणाले. "त्यानं माझ्यापुढं येऊन सांगितलं की माझ्यावर अन्याय झाला, तर मी सही करतो. मी जवानाचं ऐकतो. कागदाचं नाही."

मी घरी आलो तो हवेतच. काम झालं असंच धरून चाललो होतो. बायकोलाही त्याच रात्री जेवताना सगळं सांगितलं, कारण सभामंडपातली गोष्ट सकाळपर्यंत तिच्या कानावर येणारच होती. तिनं घास खाली ठेवला. "चार ओळी होत्या," ती म्हणाली. "चार ओळींत एकदाही हात थांबला नाही तुमचा?" मी म्हटलं, नाही. तिनं ताट उचललं आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते मला मिळायलाच हवं होतं.

पुढच्या खेपेला मी टँकरजवळ आधीच जाऊन उभा राहिलो. निवेदन त्याच्या हातात दिलं, सातव्या मागणीवर बोट ठेवलं, अध्यक्षांचं सांगितलं. त्यानं सावकाश वाचलं. मला वाटलं त्याच्या डोळ्यांत पाणी येईल. माणूस स्वतःच्या चांगुलपणावर किती लवकर भाळतो!

त्यानं कागदाची घडी केली आणि माझ्या खिशात ठेवली.

"बाबूसाहेब, मला कागदात घालू नगा," तो म्हणाला. "एकदा घातलं तुमी."

"पण ह्या वेळी तुझ्या भल्यासाठी..."

"तवाबी मला कुनी इचारलं नव्हतं, आताबी तुमी इचारलं नाय. सभेत सांगून मोकळे झालात. आता धा घरात माहीत झालं, मी कोन ते. माजा भाचा हाय, त्याची पोरगी लग्नाची हाय. गावात माजी कंबर दुखती, ती दुखू द्या."

त्याचं खरं होतं. त्याचं भलं करायला निघालो आणि पुन्हा तेच केलं, त्याचं खाजगी उचललं आणि पंचांपुढं वाचून दाखवलं. पहिल्या वेळी शाबासकीसाठी, ह्या वेळी मनाच्या शांतीसाठी. मी माफी मागितली. पंचवीस वर्षांपूर्वीची आणि परवाच्या सभेची, दोन्ही. तो म्हणाला, "मागितली ना, बास. आता पाईप धरा जरा."

पाईप धरला. ड्रम भरत आला तेव्हा मी विचारलं, "मागणी टाकून देऊ का?"

त्यानं विचार केला. "मागनी वाईट नाय," तो म्हणाला. "आता जी पोरं तिथं हायेत, त्यान्ला लागंल. पन तुमची म्हनून मागा. माजी म्हनून नगं."

मी संध्याकाळी सभामंडपात गेलो, आठहीजणांना बोलावलं आणि त्यांचं तोंड बंद राहील असं वचन घेतलं. फौजी माणूस वचन दिलं की पाळतो, निदान ह्या आठांनी पाळलं. अध्यक्षांना म्हटलं, तो येणार नाही आणि मी त्याला पुन्हा विचारणारही नाही. ते म्हणाले, मग एकमत नाही, मागणी नाही, नियम तुमचाच आहे. मी म्हटलं, बरोबर आहे. मंडळाचं निवेदन सहा मागण्यांचं जाईल आणि सातवी मी एकटा देईन, माझ्या नावानं, माझ्या फौजेतल्या नंबरानं.

नवं निवेदन एका पानाचं केलं. त्यात त्याचं गाव, तालुका, टँकर, काही नाही. एवढंच लिहिलं की मी क्लार्क असताना एका जवानाच्या खाजगी पत्राचं भाषांतर केलं, त्यावरून त्याला काढण्यात आलं, मी चुकलो, आणि कायदा चुकीचा आहे. मग हा कागद घेऊन उमेदवारांच्या कचेऱ्या पालथ्या घातल्या.

त्या निवडणुकीत फौजी सगळ्यांच्या तोंडात होता. ज्या बॅनरवर पूर्वी नेत्यांचे वाढदिवस असायचे, त्यावर आता हेल्मेट घातलेला जवान होता, सगळ्या पक्षांचा जवळपास सारखाच. मला वाटलं, एवढं प्रेम आहे तर कागद घ्यायला काय जातंय. पहिल्या कचेरीत एकानं वाचला आणि डब्याशेजारी सरकवला, मी बाहेर पडेपर्यंत त्यावर भजी ठेवली होती. दुसरीकडच्या माणसानं प्रेमानं खुर्ची दिली आणि समजावलं, "काका, मुद्दा बरोबर आहे, पण आत्ता नको. आत्ता घेतला तर विरोधक आम्हाला फौजविरोधी म्हणतील. निवडणूक झाली की या." मी विचारलं, "निवडणूक झाल्यावर तुम्ही भेटाल?" तो मनापासून हसला आणि चहा मागवला. राजकारणाबद्दल माझं मत तेव्हापासून पक्कं झालं आहे. ह्या लोकांना चित्रातला जवान फार आवडतो. तो काही मागत नाही आणि कुणावर प्रेम करत नाही.

तिसरा उमेदवार आमच्याच कॉलनीत पदयात्रेला येणार होता. नेमका टँकरचा दिवस. सकाळी आठला गल्लीत निळे ड्रम ओळीनं लागलेले, बाया हंडे-कळश्या घेऊन उभ्या आणि टँकरच्या मागून ताशाचा आवाज आला. उमेदवार फेटा बांधून, गळ्यात हार. त्यांनी टँकरच्याच पायरीवर चढून भाषण केलं. सैनिक आमचं दैवत आहे, सैनिकासाठी आम्ही रात्रीचा दिवस करू, वगैरे. अध्यक्षांनी माईक घेऊन सहा मागण्या वाचल्या. टाळ्या झाल्या.

मी पुढं गेलो आणि अध्यक्षांपुढं हात केला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माईक त्यांना खाली ठेवता आला असता. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि बाजूला सरकून सावधान उभे राहिले. सही त्यांनी अखेरपर्यंत केली नाही, पण हे मी विसरणार नाही.

मी वाचलं. पत्राचं आलं तेव्हा मी टँकरकडं बघायचं टाळलं. त्याला दिलेला शब्द होता, माझी नजरसुद्धा त्याला चिकटायला नको होती. वाचून झालं आणि कागद उमेदवारापुढं धरला.

"कायदेशीर बाब आहे," ते म्हणाले. "बघू. वरिष्ठांशी बोलू." कागदाला त्यांनी हात लावला नाही.

"बघू नको, घ्या," मी म्हटलं. "दैवत म्हणालात ना आत्ता? दैवताचा अर्ज आहे."

त्यांच्यामागं काळा चष्मा लावलेला एक कार्यकर्ता होता. तो मोठ्यानं म्हणाला, "काका, एवढा पुळका? तुम्हीबी तसलेच का काय?"

ताशेवाले हसले, पोरं हसली. दोन-चार बायांनी तोंडाला पदर लावला.

'नाही' हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता. खराच होता. एका शब्दात सुटलो असतो, कॉलनीतलं नाव, सोयऱ्याधायऱ्यांतली इभ्रत, सगळं शाबूत राहिलं असतं. पण 'नाही' म्हणणं म्हणजे 'तसलं' असणं ही शिवी आहे हे कबूल करणं. आणि ज्याला ते म्हणता येत नव्हतं, तो दहा पावलांवर उभा होता.

"ह्याचं उत्तर मिळणार नाही," मी म्हटलं. "तुला नाही, तुझ्या साहेबांना नाही. हा प्रश्न कुणाला विचारायचा नसतो, एवढंच तर मी लिहिलंय. धर कागद."

कार्यकर्त्यानं उमेदवाराकडं पाहिलं. उमेदवारांनी घड्याळाकडं पाहिलं. मी हात तसाच ठेवला, मिनिटभर तरी असेल. शेवटी काळ्या चष्म्यानं तो कागद घेतला आणि घडी करून खिशात घातला. ताशा वाजला आणि पदयात्रा पुढच्या गल्लीत वळली. त्या कागदाचं पुढं काय झालं मला माहीत नाही. बहुतेक काहीच झालं नसेल. पुढच्या निवडणुकीलाही मी तो दिला, आणि जगलो वाचलो तर त्याच्या पुढच्यालाही देणार आहे.

गल्लीत मात्र सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घालून घराकडं निघालो. बायको रांगेत आमच्या ड्रमापाशी उभी होती. तिच्यापुढं समोरच्या बंगल्यातल्या बाई, तोंडानं मोकळ्या, मनानं वाईट नाहीत. त्यांनी आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वहिनी, भाऊजी सरळ 'नाही' असं का म्हणाले नाहीत हो? म्हणजे ते... तसे आहेत का?"

मी जागच्या जागी थांबलो. चाळीस वर्षांचा संसार, दोन लेकरं, नातवंडं. तिनं 'छे, काहीतरीच' म्हटलं असतं तरी मी तिला बोल लावला नसता.

"असतील," माझी बायको म्हणाली. "तुम्हाला काय करायचंय? ड्रम सरकवा आधी, पाणी सांडतंय."

टँकरच्या तोटीवर हात ठेवून उभा असलेला तो माणूस हसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, आवाज करून. मग नंबर आमचा नसतानाही त्यानं पाईप उचलला आणि आमच्या ड्रमात सोडला.